बाहेरची गळती शंभर टक्के बंद

पाणी खाली जातं, हे निसर्गाचं काम. ते नेमकं कुठून गेलं हे लिहून ठेवणं, हे खात्याचं काम. दोघांनी आपापलं काम चोख केलं, की राज्याचा गाडा सुरळीत चालतो. (शेतात पाणी पोचत नाही, पण तो विषय वेगळ्या टेबलावर आहे.)

मोहाडीच्या केवळरामजींनी कालव्याच्या नोकरीत एकतीस वर्षं हेच केलं. कालवा कुठे झिरपताना दिसला की ते उकिडवे बसायचे, घड्याळ लावून थेंब मोजायचे आणि आकडा रजिस्टरात चढवायचे. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा त्यांच्या कचेरीचीही वाटणी झाली. गळतीचं रजिस्टर गोंदियाला गेलं आणि गळत्या इकडे राहिल्या. केवळरामजींनी कुरकुर न करता नवं रजिस्टर आखलं. अशा माणसांच्या जिवावरच सगळं उभं आहे.

त्याच वर्षी त्यांनी बायकोला, गोदावरीबाईंना, शब्द दिला. "जिल्हा लहान झाला, आता काम अर्ध होते. यंदा तुले समुद्र दाखवतो."

काम अर्धं झालं नाही. समुद्रही होता तिथेच राहिला. पुढची बावीस वर्षं गोदावरीबाई कारध्याच्या पुलावरून वैनगंगेचा पूर पाहायच्या आणि म्हणायच्या, "समुद्र याच्याहून मोठा रायते म्हनतात. कोनं पाह्यला बाप्पा."

निवृत्त झाल्यावर केवळरामजींनी नागपूरहून जुना कॅम्पर आणला. कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली. आत निजायला दोन फळ्या, एक शेगडी आणि दोन्ही अंगांना सरकत्या काचांची एकेक खिडकी. पण तोवर बचत गटाच्या ललिताबाईंनी अकरा बायकांची रेल्वेची तिकिटं काढून ठेवली होती. पोळा झाला की समुद्र. बारावं तिकीट गोदावरीबाईंच्या नावानं होतं, आणि हो की नाही ते पोळ्याच्या आदल्या दिवशी सांगायचं होतं.

"तुमच्यासंगच येतो मी," गोदावरीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "पन आंगावर एक जरी थेंब पडला, तं मी ललिताबाईच्या डब्यात."

केवळरामजींनी आयुष्यात एकच वचन दिलं होतं, आणि ते आता रेल्वे पुरं करायला निघाली होती.

त्यांनी लगेच गाडी पाइपानं धुऊन पाहिली. खिडकीच्या चौकटीखाली, बाहेरच्या बाजूला, एका ओळीत तीन बारीक भोकं दिसली. भोकांतून पाणी ठिबकत होतं. केवळरामजी उकिडवे बसले. मिनिटाला सतरा थेंब. दुसऱ्या खिडकीलाही तीन भोकं, तेवढेच थेंब. आत गाडी ठणठणीत कोरडी होती, पण कोरड्या जागेची नोंद घ्यायला रजिस्टरात रकाना नसतो.

तज्ज्ञ म्हणून डोमाजीला बोलावण्यात आलं. धानाच्या बांधीतलं, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यातलं, पाणी कुठून पळतं, हे शोधण्यात डोमाजीचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात नाही. खेकडा धुऱ्याला, म्हणजे त्या बांधाला, भोक पाडतो आणि बांधी रिकामी होते. डोमाजी धुऱ्यावरून अनवाणी चालतो आणि टाचेनं भोक ओळखतो. (टाचेचा विमा काढण्याचा प्रस्ताव ग्रामसभेत दोन मतांनी पडला.)

डोमाजीनं वाकून भोकं पाहिली. "खेकड्याचं काम हाय."

"लोखंडात कुठचा खेकडा, डोमाजी?"

"मंग कंपनीवाल्याचं. पानी बाहेर जाते का नाई? जाते. मंग बुजवा नं. सत्तर सालापासून हेच करून राह्यलो मी."

इतक्या अनुभवापुढे कोण बोलणार? दुरुस्तीला विधिवत प्रारंभ झाला.

दुरुस्ती पहिली. सहाही भोकं सिलिकॉननं बुजवली. शेजारच्या श्यामरावचा फवारणीचा पंप आणून दोन्ही खिडक्यांवर पाणी मारलं. बाहेर थेंब शून्य. रजिस्टरात लाल शाईनं शेरा पडला: 'बाहेरची गळती शंभर टक्के बंद.' दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. तेवढ्यात चाचणीसाठी आत बसवलेल्या गोदावरीबाई पदर पिळत उतरल्या.

"पानी कुठं गेलं म्हनून पुसू नोका. माह्या आंगावर हाय."

मोजलं, तर आत मिनिटाला चौतीस थेंब. (सतरा दुणे चौतीस. एकही थेंब गहाळ झालेला नाही, याचं केवळरामजींना क्षणभर समाधानच वाटलं.)

दुरुस्ती दुसरी. काचांच्या कडा आतून लिंपल्या. खिडक्या उघडेनाशा झाल्या. पाणी येतच राहिलं.

दुरुस्ती तिसरी ही डोमाजीची खास कल्पना. बांधीतलं पाणी वरून सांडायला लागलं तर शहाणा माणूस काय करतो? धुरा उंच करतो. त्यांनी दोन्ही खिडक्यांना आतून पुट्टीचा चार बोटं उंच धुरा घातला. आता पाणी आत येत होतं, पण शिस्तीत थांबत होतं. रजिस्टरात नवा रकाना उघडला: 'जलसाठा, खिडकीमागे पाच लिटर. सिंचनक्षमता, एक तुळस.' तिसऱ्या दिवशी दारातून एक बेडूक येऊन राहिला. डोमाजीकडे रोवण्यातले परे, म्हणजे लावणीची रोपं, उरले होते. पाणी उभं दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. त्यानं मूठभर चिखल टाकला आणि धानाची पंधरा रोपं खिडकीत रोवली. आठ दिवसांत खिडकी हिरवीगार. बाजाराला आलेली माणसं वाट वाकडी करून पाहून जात आणि आमच्या रानापेक्षा हे बरं आहे असं म्हणत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अंतिम चाचणी ठरली. मोहाडीहून कारध्यापर्यंत जायचं. केवळरामजी गाडी चालवणार, डोमाजी शेजारी, गोदावरीबाई मागे फळीवर, एका खिडकीखाली. जाताना गोदावरीबाईंनी ललिताबाईंना सांगितलं होतं, "दुपारवरी थांबा."

कारध्याच्या अलीकडे म्हैस आडवी आली. केवळरामजींनी करकचून ब्रेक दाबला. धुरा फुटला.

पाच लिटर पाणी, चिखल, पंधरा रोपं आणि बेडूक असा संपूर्ण प्रकल्प लाभार्थीच्या डोक्यावर एकरकमी उतरला.

गोदावरीबाई खाली आल्या. केसांत धान होतं.

"थेंबाची गोठ होती," त्या म्हणाल्या. "हे तं बांधीच हाय. ऑटो थांबवा, मी ललिताबाईकडे चालली."

 केवळरामजींनी खिशातलं रजिस्टर काढलं, पाहिलं आणि काही न लिहिता परत ठेवून दिलं. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. ते पाहून गोदावरीबाई जराशा थांबल्या. गाडीला टेकून त्यांनी केस पिळायला केसांतला आकडा काढला, तर खिडकीखाली सिलिकॉनचे तीन गोळे दिसले.

"हे काय होय?"

"भोकं होते. बुजवले."

"कायले?"

"पानी जाऊन राह्यलं होतं."

"कुठं?"

"बाहेर."

म्हैससुद्धा थांबून ऐकत होती.

"मंग आनखी कुठं जावाव त्यानं?" गोदावरीबाई म्हणाल्या. "उद्यापासून न्हानीची मोरी बुजवूनच आंग धूत जा तुमी."

त्यांनी आकड्यानं दोन्ही खिडक्यांचा एकेक गोळा टोकरून काढला. चौकटीत तुंबलेलं पाणी भुरभुर बाहेर आलं. डोमाजीचा अंगठा आपोआप भोकावर गेला.

"डोमाभाऊ, आंगठा काढा."

"बाई, सवय हाय हो."

"काढा म्हनतो नं!"

डोमाजीनं अंगठा काढला आणि तो दुसऱ्या हातात धरून ठेवला. श्यामरावचा पंप गाडीत होताच. नदीचं पाणी भरून दोन्ही खिडक्यांवर दहा मिनिटं मारलं. बाहेर दर खिडकीला मिनिटाला सतरा थेंब. आत शून्य. म्हणजे दोन महिने, तीन दुरुस्त्या आणि एका पिकानंतर गाडी जशी आणली होती तशी झाली. याला अहवालात 'उद्दिष्टपूर्ती' म्हणतात.

गोदावरीबाई ओल्या लुगड्यानिशी पुढे, डोमाजीच्या जागेवर, बसल्या. बारावं तिकीट ललिताबाईंनी गटातल्याच रंभाबाईला दिलं.

आठवड्यानं दोघं समुद्रापाशी पोचले. गोदावरीबाई वाळूवर बसून किती तरी वेळ नुसत्या पाहत राहिल्या. शेजारी केवळरामजी उकिडवे बसले आणि त्यांचा हात घड्याळाकडे गेला.

"नीट बसा," गोदावरीबाई म्हणाल्या. "हा गळत नसते."

वाचकहो, तुम्ही हसलात, चांगलं झालं. आता उठा आणि हॉलमधल्या सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळात पाहा. बाहेरच्या बाजूला दोन बारीक चिरा आहेत. मुंग्या येतात म्हणून मागच्या दिवाळीत तुम्हीच तिथे वर्तमानपत्राचा बोळा कोंबलात. तो काढा. मग जिना चढून वरच्या मजल्यावर जा. भिंतीला ओल आणली म्हणून ज्यांच्याशी तुम्ही चार महिन्यांपासून बोलत नाही, ते घरीच असतील.