धुरीकाकांची पिशवी

आमच्या चारकोपच्या सोसायटीत कुणाचाही नळ ठिबकला की धुरीकाका बेल वाजवायचे. पाना हातातच. "फुकट जाता रे!" म्हणत सरळ मोरीत. जिन्यातला दिवा, उभ्या बाइकचं चालू इंजिन, कुकरची वाफ, सगळ्यांना तेच मालवणी वाक्य. आयुष्यभर लेथ चालवून रिटायर झालेले. मूलबाळ नाही, काकी तीन वर्षांपूर्वी गेलेल्या.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांनी ऑक्सिजनला धरलं. "आपण श्वास सोडतो तेव्हा नळीतला ऑक्सिजन जातो खय? हवेत! तो पिशवीत साठव, पुढच्या श्वासाला घे. सिलिंडर जास्त चालेल." मास्क, त्याला प्लास्टिकची पिशवी आणि इवलीशी रबरी झडप. स्वतः घालून गॅलरीत बसले होते, हनुवटीखाली पिशवी फुगत होती. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला, "बेडूक आला रे!" सगळी सोसायटी हसली.

आठवड्यातच बाबांचा ऑक्सिजन उतरला. बेड मिळेना. एक सिलिंडर कसाबसा आणला, तर दुपारीच काटा लालकडे. दुसरा उद्या सकाळी.

"धुरीकाकांकडे जा ना," बायको म्हणाली.

"कुठल्या तोंडाने?"

"याच!"

दार उघडून काका एवढंच म्हणाले, "बाबा किती लिटरवर आहेत?" मास्क, पिशवी साबणाने धुऊन तयारच होती. डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवली. "चालेल. पण बोटावरच्या मशीनचा आकडा पडला तर लगेच फोन करा," ते म्हणाले. पिशवी फुगायची, चपटी व्हायची. आकड्यावर डोळा ठेवून काका सिलिंडरची चावी हळूहळू कमी करत गेले. आकडा टिकला. सिलिंडर सकाळपर्यंत पुरला.

बाबा बरे झाल्यावर मी माफी मागायला गेलो आणि 'थँक्यू काका'वरच अडकलो.

"काकीला हॉस्पिटलात नेताना सिलिंडर वाटेतच संपला," काका म्हणाले. "अर्धा हवेत जात होता. मी शेजारी बसून बघत होतो, पण तेव्हा डोक्यातच आलं नाही."

मी निघायला वळलो, तर काकांनी थांबवलं.

"एक विचारू? बाबा दुपारी झोपतात तेव्हा येऊन बसू? बोलणार नाही काही. घरात दुसऱ्या कुणाचा श्वासच ऐकू येत नाही रे."

"या ना," म्हणालो. माफी राहूनच गेली.

आता ते रोज येतात, बाबांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसतात. मी घरी असलो तर चहा टाकायला म्हणून आत जातो आणि चहा उकळून गेला तरी बाहेर येत नाही.