टेकडीच्या वाटेवरील टकटकीची मोहीम आणि पेट्रोलाचा निवाडा

श्रीचरणी मस्तक ठेवोन, एका घरची मोटार टकटक करो लागली आणि त्यापायी पेट्रोलाच्या तीन अंकांत केवढा संग्राम जाहला, ती हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. ऐकणारांनी चित्त स्थिर करावे. हसू आल्यास दाबू नये, त्यात पाप नाही.

वर्तमान ऐसे जे, घरचे खावंद कचेरीतून निवृत्त जाहलेले, स्वभावे करारी, त्यांचे पदरी एक करडी जुनी मोटार होती आणि दर रविवारी खासा स्वारी तींत बसोन टेकडीवर कूच करीत असे, कारण माथ्यावर खावंदांच्या पत्नी बाईसाहेब यांच्या थोरल्या भगिनी अक्का राहत आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून अक्कांस खाली उतरणे नव्हते. बाईसाहेब नेमाच्या. पहाटे स्नान, मग जप, मग चहा. आणि रविवारी अक्कांची भेट, हाही नेम त्यांनी जपाच्याच पंक्तीस बसविला होता.

ऐसे असता टेकडीच्या वळणांवर मोटारीच्या पुढील भागातून टकटक ऐसा नाद येऊ लागला. खावंदांनी कान देऊन निदान केले की, इंजिन ठोके देते. हलके पेट्रोल चढाच्या भाराने वेळेआधीच पेट घेते, त्याचा हा आवाज. विद्या खरी होती. मग मागील बैठकीवरून खावंदांचे धाकटे बंधू, जे स्वतः कधी गाडी न बाळगता सर्वांच्या गाड्यांची मसलत देत, त्यांनी अर्ज केला की पेट्रोलाचा ऑक्टेन अंक मोठा तितके बळ मोठे. वास्तविक तो अंक बळाचा नव्हे, पेट घेण्यापूर्वी दम धरण्याचा. परंतु दरबारात हे कोण बोलणार? सबब आजवरचे एक्क्याण्णव अंकी पेट्रोल बडतर्फ होऊन पंच्याण्णवाची नेमणूक जाहली. टकटक कायम. ती उतारावरही येते, ऐसे बंधूंनी निदर्शनास आणिले, तेव्हा खावंदांनी फर्माविले की चढाचा राग उतारावर निघतो.

मग निर्वाणीचा हुकूम सुटला की, येत्या रविवारी अठ्ठ्याण्णव भरावे. त्यानेही नाद न थांबल्यास गाडी विकून टाकावी आणि अक्कांची भेट फोनवर घ्यावी. हे ऐकोन बाईसाहेब टाकीपाशी गेल्या. टाकीच्या झाकणावर कारखानदारांनी एक्क्याण्णव ऐसे छापिले होते, त्याकडे बोट करोन त्या हळूच बोलिल्या, "अहो, ज्यांनी घडवली त्यांनी तिचं पोट बघूनच लिहिलं असेल ना?" अर्ज नामंजूर जाहला.

रविवारी पंपावर अठ्ठ्याण्णवाचा अभिषेक होऊन स्वारी निघाली आणि त्या अंकाचे भरवशावर खावंदांनी मोटार ऐसी पिटाळिली की बंधू पाठीमागे दोन्ही दारांवर आलटून पालटून आदळले, आणि टकटक पूर्वीपेक्षा दुप्पट जाहली. अक्कांच्या फाटकाशीच विक्रीचा निर्णय जाहीर करण्यात आला. आत बाईसाहेब चहा ओतीत असता अक्कांनी विचारिले, "मग गं, तू येणार कशी?" कप भरला तरी बाईसाहेब ओतीत राहिल्या, तेव्हा अक्कांनी हात धरिला.

परतीस खावंदांचे मनी आले की गिऱ्हाइकास दोष नीट सांगता यावा, तरी नादाचे ठिकाण एकदा बारकाईने ऐकावे. म्हणोन त्यांनी सुकाणू बाईसाहेबांचे हाती दिले आणि आपण शेजारी बसोन कान पुढे केला. बाईसाहेब बाजारापर्यंत हाकीत, टेकडी प्रथमच. नामस्मरण करीत त्यांनी उतार धरिला आणि सरळ वाटेवर गाडी मांजरासारखी निमूट चालिली. इतक्यात वळणावर समोरून मालाचा ट्रक आला आणि टकटक, टकटक. खावंद विजयाने ओरडले, "हे बघ! हेच ते!" बाईसाहेबांनी गाडी कडेस उभी करोन खाली पाहिले आणि शांतपणे विचारिले, "अहो, तुमचा पाय कुठं आहे?"

खावंदांचा उजवा पाय, जेथे ब्रेक नव्हता तेथे ब्रेक दाबीत होता. आणि डिकीचे कुलूप बिघडल्यापासून पान्यांचा पत्र्याचा डबा त्याच जागी चटईखाली दडविलेला, तो टाचेखाली वाजत होता. मग बाईसाहेबांस उमगले की आजवर त्या जागेवर आपणच बसत होतो, आणि वळण आले की आपलाही पाय असाच आपोआप खाली जात असे. त्यांनी जीभ चाविली. खावंद बोलिले, "म्हणजे तुला माझ्या गाडी चालवण्याची भीती वाटते?" त्यावर मागून बंधू म्हणाले, "दादा, वहिनींना पुढं तो डबा तरी होता. मागं मला तेवढाही आधार नाही." खावंद घटकाभर रुसले, मग त्यांस हसू लोटले आणि डबा बंधूंचे मांडीवर तैनात करण्यात आला.

येणेप्रमाणे इंजिन निर्दोष ठरोन विक्रीचा हुकूम रद्द जाहला, अठ्ठ्याण्णव सन्मानाने जळोन संपले आणि एक्क्याण्णवास कायमची वतनदारी मिळाली. टेकडीचा सुभा बाईसाहेबांकडे सोपविला असे. वळणावर खावंदांचा पाय अद्याप हलतो. परंतु त्याखाली आता काही वाजत नाही, आणि रविवारी अक्कांकडे चहा वेळेवर होतो. फत्ते ती हीच.