नऊ नंबरची हजेरी

कॉलेजचं मैदान वाहनतळासाठी द्यायचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला, कारण ज्यांचं मत विरुद्ध पडलं असतं ते क्रीडाशिक्षक त्या वेळी बैठकीत नव्हते. ते मैदानावर होते.

त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. बावीस वर्षं त्यांनी पोरांना पळवलं होतं, पडलेल्यांना उठवलं होतं आणि गुडघ्यांना औषध लावलं होतं. आता मैदान गेलं, पण क्रीडा विभाग बंद करता येत नव्हता. तपासणीच्या नमुन्यात त्याचा रकाना होता. म्हणून कॉलेजने एक संगणकप्रणाली आणली. तिचं पूर्ण नाव दीड ओळीचं होतं. साध्या भाषेत सांगायचं तर तो संगणकावरचा फुटबॉलचा खेळ होता. त्यात कॉलेजचा संघ होता, कॉलेजच्या रंगाचे सदरे होते, फक्त खेळाडू कॉलेजचे नव्हते. ते कुणाचेच नव्हते.

प्रत्येक खेळाडूला आठवड्याला वीस तास मिळत. पडद्यावर एक पट्टी होती. डावीकडे अभ्यास, उजवीकडे सराव. पट्टी उजवीकडे ओढली की खेळाडूचा वेग वाढे आणि गुण घटत, डावीकडे ओढली की उलट. सरांना बावीस वर्षांत पोरांनी कधी इतकं ऐकल्याचं आठवत नव्हतं. त्यांनी नऊ नंबरच्या खेळाडूची पट्टी हळूहळू उजव्या टोकाला नेली. नऊ नंबरचे केस उभे होते, चेहरा कुणासारखाच नव्हता, आणि तो गोलमागून गोल करत सुटला. पाच सामन्यांत संघ उपांत्य फेरीत गेला. प्राचार्यांच्या दालनाबाहेर नऊ नंबरचं पोस्टर लागलं.

मग सहामाही परीक्षा आली. प्रणाली प्रामाणिक होती. तिने नऊ नंबरचं गुणपत्रक छापलं आणि परीक्षा विभागाने ते निकालात धरलं. अर्थशास्त्रात अकरा गुण. कॉलेजचा निकाल शून्य पूर्णांक चार टक्क्यांनी खाली आला. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं.

“सर, हा मुलगा कोण?”

“मॅडम, तो मुलगा नाही. तो नऊ नंबर आहे. बाहेर पोस्टर आहे त्याचं.”

“मुलगा नाही, मग निकालात कसा आला?”

“तो फक्त खेळात आहे, मॅडम.”

“तेच म्हणतेय मी. नुसताच खेळात आहे. अभ्यासाचं काय?” प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “त्याच्या पालकांना बोलवा.”

पालकांच्या जागी कुणाची तरी सही लागणार होती. सरांनी आपली केली.

घरी ही हकिकत ऐकून त्यांची बायको पोळी लाटता लाटता थांबली. “दोन वर्षांत टाचणीच्या पालकसभेला तुम्ही एकदा गेलात. तेही भलत्याच वर्गात बसून आलात. आणि त्या उभ्या केसांच्या पोराचे पालक झालात?”

“कागदोपत्री झालोय.”

“टाचणीचे तेवढे तरी व्हा.”

टाचणी ही त्यांची मुलगी. अंगाने तशीच, म्हणून ते नाव पडलं. याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि चारशे मीटर पळायची. मैदान गेल्यापासून ती पाण्याच्या टाकीमागच्या रस्त्यावर सकाळी पळे. परत येऊन, आंघोळ करून कॉलेजात पोचेपर्यंत पहिला तास उलटलेला असे. तिची हजेरी एकसष्ट टक्के भरली होती. लागत होती पंचाहत्तर.

सरांनी मात्र त्या आठवड्यात नऊ नंबरकडे लक्ष दिलं. पट्टी डावीकडे ओढली. अर्थशास्त्रात तो चौपन्नवर आला आणि पुढचा सराव सामना संघ पाच शून्यने हरला. लगेच दुसरी नोटीस आली, की कॉलेजच्या नावलौकिकास बाधा का आणली याचा खुलासा करावा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. शेवटी सरांनी विचारपूर्वक अर्ज लिहिला, की खेळाडू सराव करतो तोही शिकण्याचाच भाग असल्याने सरावाचे तास हजेरीत धरावेत आणि हजेरीचे गुण परीक्षेत मिळावेत.

खऱ्या पोरांसाठी हाच अर्ज त्यांनी सात वेळा केला होता आणि सातही वेळा तो विचाराधीन राहिला होता. या वेळी तो वीस मिनिटांत मंजूर झाला. विरोध करायला कुणी नव्हतं. विद्यार्थी प्रतिनिधीला हजेरी कमी म्हणून बैठकीला बसू दिलं नव्हतं. ठरावात लिहिलं गेलं: ‘प्रणालीत नोंदलेला प्रत्येक तास हा उपस्थितीचा तास समजण्यात यावा.’

टाचणीने ठराव फलकावर वाचला आणि धावतच हजेरीच्या खिडकीशी गेली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती आणि हजेरीच्या दाखल्याशिवाय नाव जाणार नव्हतं. खिडकीत हजेरीचे कारकून बसत. त्यांना सगळं कॉलेज टक्केवाले म्हणे, आणि तेही त्या नावाला ओ देत.

“यात लिहिलंय, प्रणालीत नोंदलेला तास,” टक्केवाले म्हणाले. “तू कुठे पळतेस?”

“टाकीमागच्या रस्त्यावर.”

“रस्ता प्रणालीत नाही.”

“काका, मी रोज दीड तास पळते. हे बूट बघा.”

टक्केवाल्यांनी मान वाकडी करून बुटांचे तळ पाहिले. “बूट चालूनही झिजतात, बाळ. आणि झिजलेल्या बुटाला जावक क्रमांक देता येत नाही.”

आता सरांना राहवलं नाही. मुलगी ती मुलगी. त्यांनी तिला प्रणालीत घेतलं. चारशे मीटरची सोय तिथे नव्हती, म्हणून फुटबॉल संघात राखीव खेळाडू, बारा नंबर. पडद्यावर टाचणी उभी राहिली. केस उभे, चेहरा कुणासारखाच नाही.

पहिल्या दिवशी सरांनी पट्टी बरोबर मधोमध ठेवली. दहा तास अभ्यास, दहा तास सराव. पोरीवर अन्याय नको. दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, दुसरं वर्ष महत्त्वाचं असतं. त्यांनी बारा-आठ केलं. तिसऱ्या दिवशी चौदा-सहा. बारा नंबरने हूं की चूं केलं नाही. याच गोष्टीवरून घरी दोन वर्षं वाद चालला होता, आणि इथे बोटाच्या टोकाने तो मिटत होता. सरांना खूप बरं वाटलं. दुपारचा चहा ते संगणकासमोरच घेऊ लागले.

“बाबा, आज एकोणसाठ सेकंदांत आले,” टाचणी घरी शिरता शिरता म्हणाली.

“तुझा वेग घटलाय.”

“घटला नाही, वाढलाय. आठवड्यापूर्वी साठ होते.”

“प्रणालीत घटलाय. आणि थकवा एक्क्याण्णव दाखवतोय.”

“मी अजिबात दमलेली नाही.”

“तू दमली नसशील,” सर समजुतीने म्हणाले, “पण बारा नंबर दमलाय.”

घोळ असा होता की त्या पट्टीत विश्रांतीला जागाच नव्हती. अभ्यासही थकवत होता, सरावही थकवत होता. टाचणीची हजेरी पंचाहत्तर भरली, दाखला मिळाला, आणि त्याच दाखल्याच्या पाठीमागे टक्केवाल्यांनी शिक्का मारला: ‘थकवा एक्क्याण्णव. स्पर्धेस अपात्र.’ प्रणालीतून नाव काढलं असतं तर थकवा गेला असता, पण हजेरी पुन्हा एकसष्टवर आली असती.

कॉलेजला तर चारशे मीटरला कुणीतरी पाठवायचंच होतं. प्राचार्यांनी नऊ नंबरचं नाव सुचवलं. हजेरीच्या ठरावानंतर सरांनी पट्टी पुन्हा उजवीकडे नेल्याने त्याचा वेग चौऱ्याण्णव होता, आणि मधल्या काळात उपांत्य सामना जिंकल्याच्या आनंदात समितीने त्याचा थकवा ठराव करून माफ केला होता. शर्यत मुलींची होती, पण नऊ नंबरच्या अर्जात तो रकाना कुणी भरलाच नव्हता. त्यामुळे हरकतीला जागा राहिली नाही.

स्पर्धेच्या दिवशी आठ लेनमध्ये सात मुली उभ्या राहिल्या. पाचवी लेन नऊ नंबरची. ती मोकळी होती, आणि तिच्या कडेला सर मांडीवर लॅपटॉप घेऊन खुर्चीत बसले होते. इशारा द्यायला हात वर गेला तेवढ्यात टाचणी प्रेक्षकांतून उतरली आणि पाचव्या लेनमध्ये येऊन वाकून उभी राहिली. पंचांनी यादी पाहिली. पाचव्या लेनला कुणीतरी हवं होतं आणि कुणीतरी होतं.

शर्यत सुटली. पहिल्या वळणावर सरांचा लॅपटॉप मांडीवरून गवतात घसरला, ते त्यांना कळलं नाही. ते उभे राहिले होते. शेवटच्या शंभर मीटरमध्ये टाचणीच्या बाजूला कुणी नव्हतं. तिची मान ताठ होती, तोंड उघडं होतं, आणि ती इतकी टाचणीसारखी दिसत होती की सर लेनच्या कडेने पळत सुटले. अठ्ठावन्न सेकंद, तीन दशांश. जिल्ह्यात त्या वर्षी इतक्या वेगात कुणी पळालं नव्हतं.

निकालाच्या टेबलावर आयोजकांनी उसने मागून घेतलेले टक्केवाले बसले होते. त्यांनी लिहिलं: ‘प्रथम, लेन पाच, नऊ नंबर.’

“अहो, ती माझी मुलगी आहे,” सर धापा टाकत म्हणाले.

“असेल. लेन नऊ नंबरची आहे. त्याचे पालक कोण?”

“मीच.”

“मग इथे सही करा. नाहीतर धाव बाद धरावी लागेल, कुणाचीच राहणार नाही.”

सरांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. मागे प्राचार्या फोटोसाठी उभ्या होत्या. त्यांनी सही केली. प्रमाणपत्र झालं, पदक पोस्टरच्या चौकटीला लटकवायला गेलं.

परतीच्या वाटेवर टाचणीने बूट काढून हातात घेतले. मग म्हणाली, “बाबा, आज तुम्ही कुणाला पळताना पाहिलंत?”

“तुला.”

“मग सही कुणासाठी केलीत?”

बावीस वर्षांत सरांनी पोरांना हजार उत्तरं दिली होती, त्यातलं एकही इथे बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते संगणक कक्षात गेले. बारा नंबर पडद्यावर उभा होता. चौदा-सहा. गुण वाढत होते, तक्रार नव्हती. सरांचं बोट क्षणभर रेंगाळलं, हे लपवून उपयोग नाही. मग त्यांनी नाव काढून टाकलं. टाचणीची हजेरी एकसष्टवर आली आणि वर्ष गेलं. आता ती पुन्हा दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी टाकीमागच्या रस्त्यावर पळते, आणि हल्ली दुसऱ्या टोकाला सर घड्याळ घेऊन उभे असतात. तिने त्यांना एक अट घातली आहे: वेळ सांगायची, सल्ला द्यायचा नाही. हे त्यांना जड जातं.

बारा नंबरची जागा रिकामी झाल्याची सूचना तेवढी फलकावर लागली. राखीव खेळाडूची एक जागा, तिला कोण विचारतंय, असं सरांना वाटलं होतं. सोमवारी ते आले तर संगणक कक्षाच्या दारापासून वाहनतळापर्यंत रांग. सगळे आईबाप. डॉक्टर होते, शिंपी होते, बँकेतले होते, चार प्राध्यापकही होते.

“तुमची मुलगी फुटबॉल खेळते?” सरांनी रांगेतल्या एका बाईंना विचारलं.

“छे. ती काय करते हेच तर आम्हाला कळत नाही,” बाई म्हणाल्या. “इथे निदान टक्क्यांत दिसेल.”

“आणि आम्ही ऐकलंय,” मागचे गृहस्थ हळूच पुढे झाले, “की ती पट्टी पूर्ण डावीकडे नेली तरी पोर काही बोलत नाही. खरंय का?”

खरंच होतं. सरांनी मान हलवली, आणि रांग आणखी वाढली. प्राचार्यांनी जागा एकाच्या चारशे केल्या, तरी प्रतीक्षायादी उरलीच. तुम्ही इथवर हसत आला असाल, तर उशीर झाला आहे, पण अजून अर्ज मिळतात. तीन नंबरच्या खिडकीवर, सकाळी दहा ते एक. मुलाचे दोन फोटो आणा. त्याची सही लागत नाही.