मी मजला सोडतो

आमच्या वरच्या मजल्यावरचे आपटे काका चहाला "हो" म्हणायलाही उभे राहायचे. शर्ट खाली ओढायचे, घसा साफ करायचे आणि बोलून झालं की जाहीर करायचे, "मी मजला सोडतो." मगच बसायचे.

हे खूळ अमेरिकेच्या सिनेटमधून आलं होतं. इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात उभा जन्म घालवलेल्या या इंजिनिअरला इराक युद्धाच्या आधी वॉशिंग्टनमधल्या चर्चा ऐकायचा नाद लागला, तो सुटलाच नाही. तिथला सभासद भाषण संपवताना "आय यील्ड द फ्लोअर" म्हणतो; म्हणजे आता बोलायचा हक्क दुसऱ्याचा. काकांनी त्याचं मराठी केलं, आणि फ्लोअरचा झाला मजला.

गणपतीच्या मीटिंगमध्ये त्यांनी हे वाक्य टाकलं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं भाडं विचारायला दारात हजर! इथे घर मिळणं किती कठीण, ते भोगलेल्यालाच माहीत. "काका, तुम्ही तिसरा मजला सोडताय ना?"

काकू हसून हसून दमल्या. "अहो, मजला सोडताना आधी मला तरी विचारायचंत!"

मतदान होऊ नये म्हणून सिनेटमध्ये एखादा सभासद तासन्‌तास बोलत राहतो, त्याला म्हणतात फिलिबस्टर. काकांनी त्याला 'चऱ्हाट' हा शब्द काढला. "शब्द छान आहे," काकू म्हणाल्या, "आमच्याकडे रोजच्या वापरातला." जिना झाडायची पाळी आली की मात्र काका 'तटस्थ' राहायचे, आणि झाडू काकूंच्या हातात असायचा.

एकदा मी चिडून विचारलं, "काका, हरणार हे माहीत असताना ही सिनेटमधली माणसं बोलतात तरी कशाला?"

ते उभे राहायचंही विसरले. "आल्झो, म्हणजे असं बघ, हरणं वेगळं. पण माझ्या मनाला हे पटलेलं नाही, असं उभं राहून सांगितलं की त्याची नोंद राहते. हरा, पण नोंद होऊ द्या."

पुढे काकूंना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, वाचा मात्र गेली. कळायचं सगळं, शब्द ओठापर्यंत येऊन अडायचा. आणि आम्ही प्रेमळ माणसं तो घाईघाईने पुरा करायचो. "पाणी हवंय का? दुखतंय का?" काकू डोळे मिटून घ्यायच्या.

त्यांची मुलगी नेहा एर्लांगेनहून आली, तिच्या घराजवळच्या एका वृद्धसेवागृहाची माहिती घेऊन. बाग, नर्स, लिफ्ट, सगळं होतं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. नेहा काही वाईट मुलगी नव्हे. रडून तिचे डोळे सुजले होते. जागा हवी की नको, ते त्याच दिवशी कळवायचं होतं.

"मामा, दास इस्ट बेसर, ओडर?" तिने विचारलं. हेच बरं, नाही का आई? काकूंचे ओठ हलले. "बघा, हो म्हणतेय," म्हणत नेहाने फोन उचलला.

काका उभे राहिले. शर्ट खाली ओढला आणि सुरू झाले. जिन्याबद्दल, खिडकीतल्या कढीपत्त्याबद्दल, खालच्या बेकरीतल्या बाईबद्दल.

"बाबा, बिट्टे! प्लीज!"

"प्रश्न असेल तर विचार. मजला अजून माझ्याकडे आहे."

माझं डोकंच फिरलं. प्रसंग काय, आणि यांचं चऱ्हाट काय! मग लक्षात आलं, काका बोलत होते नेहाशी, पण बघत होते काकूंच्या ओठांकडे. आवाज बसला, तरी थांबेनात. ते थांबले असते तर काकूंच्या वतीने आमच्यापैकी कुणीतरी बोललं असतं.

"म..." काकू म्हणाल्या. 'मदत' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला. काका बोलतच होते.

"मज... मजला..." काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "मजला... नाही... सोडत."

नेहाने फोन खाली ठेवला आणि आईच्या मांडीवर डोकं टेकलं.

"नोंद व्हावी," काका कसेबसे म्हणाले, आणि मजला सोडायचं विसरून तसेच खाली बसले.