खोडरबर जप्त करणारे धकाते सर

जूनच्या शेवटी शाळा उघडली की चित्रकलेचे धकाते सर तिसरीच्या वर्गात शिरत आणि पहिलं काम करत ते खोडरबर जप्त करण्याचं. स्ट्रॉबेरीच्या वासाचे, मोटारीच्या आकाराचे, पेन्सिलीच्या डोक्यावर टोपीसारखे बसणारे, अर्धे चावलेले, सगळे. संत्रा बर्फीच्या एका रिकाम्या डब्यात ते जमा होत आणि डबा कपाटात जाई.

"परीक्षा झाली का घेऊन जाजा," ते पोरांना सांगत. "चुकलं त चुकू द्या. रेघ मारली ना, मंग ती तुयी झाली. तिले खोडाचं नाही. तिच्यासंग पुढं जाचं."

मी त्याच शाळेत गणित शिकवतो. गणितात खोडल्याशिवाय माणूस पुढे जात नाही, त्यामुळे चित्रकलेनंतरच्या माझ्या तासाला पोरं बोटाला थुंकी लावून वही घासत आणि पानाला भोक पाडत. मी एकदा सरांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "तुमच्या विषयात एकच उत्तर बरोबर असते जी. म्हणून भोकं पडतात." या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मला त्या दिवशी समजलं, तरी मी पुढची अनेक वर्षं घातला.

धकाते सर उमरेडचे. बाप हातमागावर लुगडी विणायचा. तास असेल त्या दिवशी सर एसटीने नागपूरला यायचे आणि एसटीने जायचे. शाळेत ते तासिका तत्त्वावर होते. म्हणजे तास चालू असेपर्यंत ते शिक्षक, आणि घंटा झाली की कोण कुठले. स्टाफरूममध्ये त्यांना स्वतःची खुर्ची नव्हती. कोणी तासाला गेलं की त्याच्या खुर्चीत ते बसत आणि तो परत आला की उठत. हे उठणं त्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की शिपाई जरी आत आला तरी ते अर्धे उठलेले असत.

दिवाळीपर्यंत तिसरीतली पोरं फक्त रेघा काढत. उभी, आडवी, तिरपी, नागमोडी. पण सर अशी नावं वापरत नसत. ही झोपलेली रेघ, ही घाईत असलेली, ही आईनं रागावल्यावर कोपऱ्यात उभी राहिलेली. एक खास रेघ असे, उन्हाळ्यात कूलरचं पाणी संपल्यावरची. पोरं ती इतकी मन लावून काढत की बघणाऱ्याला घाम फुटावा.

माणसांनाही ते असंच मोजत. आमच्या मुख्याध्यापिका बाई म्हणजे फुटपट्टी लावून मारलेली रेघ. मला त्यांनी तिरपी म्हटलं. "तिरपी वाईट नसते जी," वर अशी समजूत काढली. "पण ती सदा पडाच्या बेतात असते." मी दोन दिवस त्यांना माझ्या खुर्चीत बसू दिलं नाही.

एकदा दाढी न करता शाळेत गेलो. दुसऱ्या तासाला तिसरीचा अख्खा वर्ग रांगेनं माझ्या वर्गात आला. धकाते सर दारात उभे. "एक मिनिट फक्त. यायले पोत शिकवून राहिलो." पोत म्हणजे वस्तू हाताला कशी लागते ते. आधी कडुनिंबाची साल झाली होती, मग गोणपाट, मग मी. पोरं एकेक करून माझ्या गालावरून हात फिरवून गेली. माझ्या सातवीच्या वर्गाचं त्या दिवशी गणित झालं नाही आणि पुढे बरेच दिवस मला शिस्तही लावता आली नाही.

रंगांच्या बाबतीत तर ते हट्टीच होते. खडूच्या डब्यात एक फिकट गुलाबी खडू असतो, त्याला पोरं 'अंगाचा रंग' म्हणतात. सरांनी विचारलं, "कोणाच्या अंगाचा?" सगळ्यांना बाकावर हात शेजारी शेजारी ठेवायला लावले आणि तो खडू एकेका हाताजवळ नेला. एकाशीही जुळला नाही. मग पोरांनी तास संपेपर्यंत आपापल्या हाताचा रंग बनवला. काही तपकिरी, काही काळपट, एक तांबूस. मी खिडकीतून बघत होतो. या शहरात माणसाच्या रंगावरून, आडनावावरून, गल्लीवरून काय काय ठरतं ते मला माहीत आहे, आणि त्या पोरांनाही ते लवकरच कळणार होतं. पण त्या तासापुरतं ते फक्त रंगाचं काम होतं, आणि कोणाचा रंग जास्त हुबेहूब उतरला यावर भांडण चाललं होतं.

पालकांना यातलं काही दिसत नसे. त्यांना घरी भिंतीवर लावायला चित्र हवं असे. एक गृहस्थ बाईंसमोर तावातावानं म्हणाले, "पोरगा दिवाळीपर्यंत नुसत्या रेघा मारून राहिला मॅडम. बाजूच्या शाळेतल्या पोरीनं ताजमहाल काढला."

धकाते सर शांतपणे म्हणाले, "ताजमहाल आधीच बनलेला हाये जी."

हे वाक्य त्यांना महागात पडलं. जानेवारीत बाईंनी त्यांना बोलावलं. मी हजेरीपट द्यायला तिथेच उभा होतो. बाई म्हणाल्या, "हे बघा सर, पालकमेळाव्याला तिसरीच्या भिंतीवर मला पूर्ण झालेली चित्रं दिसली पाहिजेत. संस्थेचे लोक येणार आहेत. नाही तर पुढच्या वर्षी तुमचा तास बंद. रंग भरायची छापील पुस्तकं मिळतात, ती वर्गशिक्षिका घेतील."

"पूर्ण म्हणजे कशी मॅडम?"

"पूर्ण म्हणजे पूर्ण. कागद भरलेला."

सरांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती, एवढं मला कळलं. बाईंना कळलं नाही.

कारण त्याच सुमारास ते तिसरीला जागा शिकवत होते. कागदावरची मोकळी जागा. "काढलं तेवढंच चित्र नसते," ते पोरांना सांगत. "सोडलं ते बी चित्रच असते. आपल्या घरात कोणती जागा रिकामी हाये ते पाहून या." कोणी फ्रिज बिघडून गेल्यावरचा कोपरा काढला, कोणी गाय विकल्यावरचा गोठा.

एक दिवस स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यांनी कोणाला पोराचं चित्र दाखवलेलं मी पाहिलं नव्हतं. प्रांजल नावाच्या मुलीनं आपली खोली काढली होती. एका कडेला आईचं शिलाई मशीन, दुसऱ्या कडेला दार, वर खिडकी. मधे काहीच नाही, कोरा कागद.

"दिवाळीत हिचा आबा वारला," सर म्हणाले. "मधात त्याची खाट होती. पाहा जी, पोरीनं खाट नाही काढली. खाटेची जागा काढली." त्यांचा आवाज जरा बसला होता. मला चित्रातलं कळत नाही, पण त्या कोऱ्या भागाकडे बघवत नव्हतं.

आता आमच्या शाळेतल्या फिनिशिंगबद्दल सांगायला हवं. बाहेरच्यांना हा रिवाज माहीत नसतो आणि आतल्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. पालकमेळाव्याच्या आदल्या दिवशी पोरांचं काम मोठ्यांच्या हातात जातं. वाकडं सरळ होतं, फिकट गडद होतं, आणि खाली पोराचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं जातं. पालक आपल्या मुलाच्या प्रगतीनं भारावतात. विज्ञानाचा ज्वालामुखी कोणाचे तरी बाबा घरून आणून देतात आणि त्याला बक्षीसही मिळतं.

त्या दिवशी धकाते सरांचा तास नव्हता, म्हणून ते शाळेत नव्हते. बाईंनी तिसरीची चित्रं हस्तकलेच्या रेवतकर मॅडमकडे दिली. रेवतकर मॅडम मनानं वाईट नाहीत. त्यांना कागद भरायला सांगितलं, त्यांनी पोस्टर कलरनं तो भरला.

दुसऱ्या दिवशी भिंत बघितली आणि मी थांबलो. प्रत्येक चित्रात मागे दोन डोंगर. डोंगरांमधून सूर्य. खाली नदी, नदीत बदक, काठावर नारळाचं झाड. नागपूरच्या पोरांनी एकमतानं नारळ लावले होते. पाहुणे म्हणून आलेले स्थानिक पुढारी म्हणाले, "क्या बात है. या वयात हाताला एवढं वळण." पालक मोबाईलवर फोटो काढत होते. ताजमहालवाले गृहस्थ सरांकडे येऊन म्हणाले, "आता कसं बरोबर शिकवलं सर तुम्ही."

सर भिंतीकडे बघत उभे होते. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. राग आला तो मला, आणि अजून येतो.

प्रांजल आईचं बोट धरून नावं वाचत येत होती. आपल्या नावापाशी थांबली. चित्राकडे बघितलं, परत नाव वाचलं, मग शेजारची चित्रं बघितली.

"आई, हे माह्यं नाही."

"तुयंच तर हाये वं. नाव लिहिलं हाये ना खाली. किती छान काढलं."

"माह्यं नाही. माह्यात इथं कोणीच नव्हतं."

धकाते सर पुढे झाले आणि पोरीशेजारी उकिडवे बसले. "मले माहीत हाये बेटा," ते म्हणाले. "मी पाह्यलं होतं. तिथं आबाची खाट होती."

आईनं पदर तोंडाला लावला.

"मंग तिथं झाड कोणं लावलं सर?"

रेवतकर मॅडम चार हात अंतरावर उभ्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "मोठ्या माणसायले रिकामं पाहवत नाही," ते म्हणाले. "त्यायचं बी काही चुकत नाही. त्यायले कोणी शिकवलं नाही."

संस्थेचे लोक भिंतीवर बेहद्द खूश झाले. इतके खूश की त्यांनीच विचारलं, हे सगळं रेवतकर मॅडमनी एका दिवसात केलं म्हणता, तर मग चित्रकलेला वेगळा माणूस कशाला? मार्चअखेर सरांना पुढच्या वर्षी येऊ नका असं तोंडी सांगण्यात आलं. तासिका तत्त्वावरच्या माणसाला निरोप समारंभ नसतो, नारळ नसतो, शाल नसते. त्यांनी कपाटातून डबा काढला, पोरांना आपापले खोडरबर ओळखून घ्यायला लावले आणि पायऱ्या उतरले.

मी त्यांना स्कूटरवर दिघोरीच्या थांब्यापर्यंत सोडलं. वाटेत संस्थेला, बाईंना, पालकांना भरपूर शिव्या दिल्या. सर मागे पिशवी धरून बसले होते. थांब्यावर उमरेडची गाडी आली. सर बाकावरून उठले नाहीत. गाडी गेली.

"सर, गाडी होती ना."

"जाऊ द्या जी. घरी जाऊन तरी कोणाले सांगू?" ते हातातल्या पिशवीशी चाळा करत होते. "बायको होती तवा दारातच विचारे, आज पोरायनं काय काढलं? मी सांगो. हातपाय धुवाच्या आधी सांगो. ती गेली, तवा शेजारचे म्हणत, खोली मोठी झाली, तिच्या जागेवर सोफा टाका. मी म्हटलं राहू द्या." मग म्हणाले, "अजून सांगतो जी मी. त्या जागेले सांगतो. प्रांजलचं बी सांगतलं होतं. हासू नका."

मला हसू आलं नव्हतं. मी स्कूटर स्टँडवर लावली आणि त्यांच्या बाजूला बसलो.

"मला सांगा," म्हटलं. "यंदा पोरांनी काय काय काढलं होतं? फिनिशिंगच्या आधी."

त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. मग पिशवी खाली ठेवली आणि पहिल्या बाकावरच्या पोरापासून सांगायला सुरुवात केली. मधे उमरेडची आणखी एक गाडी येऊन गेली.