गुडघ्याचे किल्ल्याचे शमन उशिरा जाहाले त्याची हकिकत

श्री. जो देहामध्ये ऊब ठेवितो आणि वेळ येता तीच ऊब आवरितो, त्यास नमन करून लिहिले वर्तमान ऐसे जे, शके १७०४ शुभकृत नाम संवत्सरी एका मनुष्याचे देहराज्यात, ज्याचे नाव येथे लिहीत नाही, गुडघ्याचे किल्ल्यावर मोठे अरिष्ट आले. बाभळीचा काटा खोल शिरला आणि त्या वाटेने जंतूंची फौज आत उतरली. मग चेतावणीचे हलकारे रक्तनदीतून धावले, आणि पांढऱ्या पेशींचे सरनौबत धारराव पाइकांसह चालून गेले. धारराव मोठे शूर. शत्रू दिसला की गिळावा आणि आग ओतावी, ऐसी त्यांची रीत. परंतु ती आग आपपर जाणत नसे. म्हणोन राज्यात निळोजी शमनदार यांची नेमणूक होती. त्यांचे पदरी शमनाचे हलकारे, अति सूक्ष्म. त्यांनी पाइकाचे अंगावरील नेमके दार ठोठावावे, दार उघडले की आत निरोप सांगावा, आणि मग पाइकाने आग विझवून डागडुजीस लागावे. लढाई जिंकणे धाररावांकडे, थांबविणे निळोजींकडे.

परंतु निळोजींचे मनी एक सल होता. गतवर्षी फुफ्फुसाचे डोंगरात ऐसाच दंगा जाहाला, तेव्हां धूर पाहून त्यांस कळवळा आला आणि त्यांनी हलकारे लवकर सोडिले. फौज थंडावली, आणि उरले शत्रू कपारीत दडले ते अद्याप तेथेच. तेव्हांपासून पाइक त्यांस पाहून हसत आणि "शमनदार आले, आता झोपा रे," ऐसे बोलत. निळोजी ऐकून न ऐकल्यासारखे करीत, आणि त्यांस अन्न गोड लागत नसे.

गुडघ्यावर लढाई तुंबळ जाहाली. किल्ला सुजून दुप्पट जाहाला आणि देहाचे धनी तापाने बरळू लागले. मग शत्रू मोडला. पुवाचे चिखलात जंतूंची प्रेते पडली, आणि त्यांजवर पाइकांचीही. तेव्हां किल्लेदार गिरजोजी, अंग भाजलेले, निळोजींकडे आले आणि पाय धरून बोलिले, "शमनदार, शत्रू सरला. आता जळते ती माझी कूर्चेची भिंत. हाडावर हाड घासू नये म्हणोन थोरल्यांनी घातलेली. ही एकदा गेली की पुन्हा उठत नाही. हलकारे सोडा."

निळोजींनी विचारिले, "एकही शत्रू उरला नाही, ऐसे शपथेवर सांगाल?"

"शपथ कशी घेऊ? धुरात दिसते कोणास? पण आता जो आवाज येतो तो सगळा आपल्याच माणसांचा."

निळोजी उठले. हलकारे कंबर बांधून उभेच होते. शब्द ओठापर्यंत आला, आणि डोंगरातील कपार आठवली, आणि पाइकांचे हसणे आठवले, आणि ते खाली बसले. बोलिले, "थोडे थांबू. खात्री होऊ द्या."

गिरजोजी परत गेले आणि भिंतीस पाठ लावून उभे राहिले, ते तेथेच जळाले.

मग खात्री जाहाली आणि हलकारे सुटले. दारे ठोठावली, निरोप पोचला, आग उतरली, आणि धारराव स्वतः हत्यार ठेवून राख उपसू लागले. शत्रू एक सापडला नाही. तो केव्हांच सरला होता. भिंतही सापडली नाही.

निळोजी किल्ल्यात उतरले आणि राखेकडे पाहून म्हणाले, "धारराव, आपणांस दिसत होते. आपण का न थांबलात?"

धाररावांनी हात पुसले आणि म्हणाले, "निळोजीबावा, आम्हांस आपले आपण थांबता येत नाही. चेतलो की चेतलो. म्हणोनच तर राज्याने तुम्हांस ठेविले."

त्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच निळोजींस सोसेना.

धनी जगले. ताप उतरला, परंतु गुडघा आखडला तो आखडलाच. पुढे पंगतीस बसले तरी एक पाय सरळ पसरून बसत आणि शेजाऱ्याची क्षमा मागत. निळोजींनी त्यानंतर पुष्कळ शमने वेळेवर केली. ती कोणाचे ध्यानातही आली नाहीत. सारांश, शत्रू गेला, राज्य राहिले, सांधा गेला. शमनदार भला होता, भ्याला. घडले तैसे लिहिले.