मोठ्या पोटाची करवत

मला फक्त प्लग बदलायचा होता. चेनसॉचा, म्हणजे माझ्या पेट्रोलच्या करवतीचा, जुना प्लग काढायचा, नवा पिळायचा आणि कॉफी प्यायला घरात यायचं, एवढंच. पण प्लग काढल्यावर त्या भोकातून आत डोकवायचा मोह झाला. भोकात डोकावल्यामुळे भली भली माणसं बुडाली आहेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (शाळेत सांगितलं असेल. आठवीनंतर मी शाळेकडे फिरकलो नाही आणि शाळेनेही माझी चौकशी केली नाही.)

आत सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे होते, मांजराने सोफ्यावर काढावेत तसे. म्हणजे सिलिंडर बदलणं आलं. आणि बदलायचंच, तर तेवढंच कशाला? दुकानात मोठं सिलिंडर मिळतं. त्याच करवतीवर बसतं, सोबत जाडजूड पिस्टन येतो. बाहेरून करवत तशीच म्हातारी, पोट मात्र मोठं आणि ताकद दीडपट. मला ही कल्पना फार आवडली. माझंही वयाबरोबर असंच झालंय, फक्त ताकदीचं तेवढं राहून गेलं.

तुम्ही म्हणाल, या वयात ओन्नी लाहतिनेनला ही खाज कशाला? सांगतो. पानगळीत आमच्या चर्चचा लाकूडदिवस असतो. गावातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी थंडीचं जळण आम्ही सगळे मिळून कापतो. गडी करवती घेऊन रांगेत उभे राहतात, बाकीचे फोडतात, रचतात, आणि एक जण कॉफीच्या टाकीपाशी असतो. कॉफीपाशी कोण? तर ज्याची करवत ओंडक्यात अडून सगळ्यांचा खोळंबा करते तो. मागच्या वर्षी माझी करवत बर्चच्या ओंडक्यात शिरली आणि तिथेच समाधी लावून बसली. मुकादम टाउनो हार्यू माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी अडली तर कॉफी."

बस्स. आम्ही फिनलंडहून आलेल्यांची पोरं. एवढ्या बोलण्याला आमच्यात भाषण म्हणतात.

आणि कॉफीपाशी बसवलेला माणूस परत करवतीकडे आलेला मी तरी पाहिला नाही. आधीचा कॉफीवाला तिथून थेट दफनभूमीत गेला. (तीही चर्चच्याच आवारात आहे, त्यामुळे फार चालावं लागलं नाही.)

त्यात माझा मेहुणा रेनो. लेंपीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. त्याच्याकडे नवी कोरी करवत. दर रविवारी प्रार्थना संपली की तो माझ्या कानाशी लागायचा.

"दाजी, कॉफी जरा कडक करत जा हं. आणि मला साखर नको."

"तुला मीठ घालीन."

"ते तुम्ही मागच्या नाताळात घातलंय."

घातलं होतं. रेनोच्या बुटात गोठलेला मासा, टाउनोच्या ट्रकच्या सायलेन्सरमध्ये बटाटा, पास्टरबाईंच्या माइकमध्ये बेडकाचा आवाज, असा माझा गावात लौकिक आहे. गावात काहीही बिघडलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग दुरुस्तीवाल्याला फोन करतात.

तर मी दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने सिलिंडरची पेटी काढून दिली आणि आतलं एक छोटं बटण दाखवलं.

"काका, हे विसरू नका. सिलिंडरच्या या भोकात बसवायचं. करवत सुरू करायची दोरी ओढण्याआधी दाबलं की आतला दाब जरा सुटतो, दोरी हलकी जाते."

"आणि नाही बसवलं तर?"

"तर हा साधा बोल्ट लावून भोक बंद करायचं. पण मग दोरी ओढायला दम लागतो."

"मी तुला म्हातारा दिसतो का?"

पोरगा चांगल्या घरातला होता. छताकडे बघत राहिला.

मी अर्थातच बोल्ट लावायचं ठरवलं. बटण भेटीच्या कागदात गुंडाळलं, वर 'तुझ्या म्हातारपणासाठी' असं लिहिलं आणि रेनोच्या पत्रपेटीत टाकून आलो. परतताना गाडीत एकटाच इतका हसलो, की वळण चुकलं.

करवत मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोलली, कारण उजेड तिथेच चांगला. त्या दिवशी लेंपी निसू भाजत होती. निसू म्हणजे आमचा वेलची घातलेला वेणीसारखा गोड पाव; लाकूडदिवसाला कॉफीबरोबर निसू नसेल तर आमची माणसं करवतीला हात लावत नाहीत.

"ओन्नी, ओव्हनमध्ये काय आहे?"

"निसू."

"निसूच्या शेजारी काय आहे?"

"तो होय? पिस्टन. गरम असला की पिन अलगद आत जाते."

"आणि पिन कुठाय?"

"फ्रीजरमध्ये. ती गार असावी लागते. ब्लूबेरीत खोचलीय."

 लेंपीने माझ्याकडे पाहिलं आणि मग लाटण्याकडे पाहिलं. मी पिस्टन चिमट्याने उचलून बाहेरच्या शेडमध्ये गेलो. (निसूला पुढे थोडा इंजिन ऑइलचा वास आला. पास्टरबाई एक तुकडा खाऊन म्हणाल्या, "यंदा वेलची वेगळी दिसतेय." लेंपीच्या निसूला नाव ठेवायची हिंमत देवाच्या माणसांतही नाही.)

जोडणी मात्र झकास झाली. सिलिंडर पिस्टनवर असं सरकलं, की मला स्वतःचाच हात चुंबावासा वाटला. मी करवत अंगणात आणली, तिच्यावर पाय दाबून धरला आणि दोरी ओढली.

दोरी वीतभर आली. मग आतून कोणीतरी ती परत ओढली. दोरीची मूठ माझ्या हातातून निसटली, मी मागे कोलमडलो आणि गवतात बसलो. पुन्हा उठलो. पुन्हा बसलो. मोठ्या पोटात दाब एवढा, की मी करवत सुरू करतोय की करवत मला, तेच कळेना.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली. "काय चाललंय?"

"व्यायाम."

लेंपी पिठाचे हात पुसत बाहेर आली. लहानपणापासून तिने गाईंच्या धारा काढल्या आणि नंतर माझ्याशी संसार केला. मनगटं तशी झाली आहेत. तिने बुटाचं टोक करवतीच्या मागच्या मुठीत घातलं, दोरी धरली आणि दाराची कडी काढावी तशी एकदाच ओढली. करवत अशी गर्जली, की शेजाऱ्यांचा कुत्रा त्यांच्या व्हरांड्याखाली गेला.

मी करवत एका जुन्या खांबावर टेकवली. खांबाचे दोन तुकडे झाल्याचं खांबालाही उशिरा कळलं असेल. काय ताकद! मी आनंदाने बंद केली, आणि मग डोक्यात उजेड पडला, की आता परत सुरू कोण करणार?

"ते बटण कुठाय पेटीतलं?" लेंपीने विचारलं. पेटीवरचं चित्र तिने पाहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं.

"रेनोला दिलं."

"मग मागून आण."

"रेनोकडून? लेंपी, माणसाला काही इज्जत असते."

"हो, आत्ताच दिसली. गवतात पडली होती."

"दुकानातून दुसरं आणू?"

"आज शनिवार. दुकान सोमवारी उघडणार, लाकूडदिवस उद्याचा. मी येतेच आहे ना तिथे. तिथे ओढून देईन."

"सगळ्यांसमोर? टाउनोसमोर? माझी करवत बायको सुरू करून देते म्हणतील! त्यापेक्षा मी कॉफीच करतो."

"मग कर कॉफी."

पण मला कॉफी करायची नव्हती. म्हणून मी जे ठरवलं ते ऐका आणि हसू नका. (हसा. मी थांबवून थांबणार आहात का?) लेंपी करवत घरीच सुरू करून देईल, आणि मी ती चालूच ठेवून चर्चपर्यंत नेईन.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपली, आम्ही जेवायला घरी आलो आणि कपडे बदलले. टाकी काठोकाठ भरली. लेंपीने दोरी ओढली. मी साखळीचा ब्रेक लावला, करवत पिकअपच्या मागच्या भागात दोरांनी करकचून बांधली, आणि आम्ही निघालो. मी, लेंपी, तिच्या मांडीवर निसू, मागे पडपडणारी करवत. पेट्रोलपंपावरची माणसं वळून बघत होती. मी हात केला.

"तुझा सायलेन्सर गेलाय असं वाटतंय त्यांना," लेंपी म्हणाली.

"वाटू दे."

"मला तुझं डोकं गेलंय असं वाटतंय."

चर्चमागच्या पटांगणात सगळे जमलेच होते. मी उतरून दोर सोडले आणि चालू करवत हातात घेऊनच पुढे गेलो. कानांवर आवाज अडवणारी झाकणं. टाउनो समोर आला, काहीतरी बोलला. काय ते करवतीला ठाऊक. मग त्याने भिंतीलगत ताडपत्रीखाली ठेवलेल्या लांबलचक देवदाराच्या खोडाकडे बोट दाखवलं, माझ्या करवतीकडे दाखवलं आणि मान आडवी हलवली. मला राग आला. म्हणजे हे खोड माझ्याच्याने कापवणार नाही? बघू.

आधी माझा बर्चचा ढीग घेतला. लोण्यात सुरी जावी तशी करवत जात होती. भुश्शाचं कारंजं माझ्या बुटांत शिरत होतं आणि मी सुखाने मरायला तयार होतो. माझा ढीग संपला. सगळे करवती बंद करून निसू खायला निघाले. मला खुणा केल्या, ये म्हणून. कसा येणार? बंद केली की संपलं. मी रेनोच्या ढिगात शिरलो.

रेनो जवळ आला. त्याचे ओठ वाचता येत होते. दाजी, तो माझा आहे. मी मान डोलावली आणि त्याचा कापला. मग शेजारच्याचा कापला. लोक कॉफीचे पेले हातात धरून बघत राहिले. जमिनीवर आता ओंडकाच उरला नाही आणि करवत तर अजून धडधडतेय. चालू करवत घेऊन नुसता उभा राहणारा माणूस किती मूर्ख दिसतो हे मला तेव्हा कळलं.

मग मला ताडपत्री आठवली.

ती मी पायाने बाजूला सारली. आत देवदार, सरळ, सोललेला, गुळगुळीत. मी टाउनोकडे बघून हसलो आणि पहिला काप घातला. सगळे हात हलवायला लागले. दोन्ही हात! पास्टरबाई तर उड्या मारत होत्या. वाटलं, अखेर गावाला माझी किंमत कळली. खरं तर तेव्हाच ओळखायला हवं होतं. आमची माणसं आनंदात हात हलवत नाहीत. लग्नात नवरासुद्धा खिशात हात घालून उभा असतो.

मी चुलीच्या मापाचे तुकडे पाडत गेलो. माझी जुनी करवत असती तर पहिल्या कापातच कोणी येऊन मला धरलं असतं. हिने कोणाला तेवढा वेळच दिला नाही. शेवटचा तुकडा पडला, आणि पेट्रोल संपलं.

एवढी शांतता मी त्या गावात कधी ऐकली नव्हती. मी कानांवरची झाकणं काढली.

"ओन्नी," टाउनो म्हणाला. "खरं खोड कुठाय?"

"कसलं खरं खोड?"

"चर्चच्या घंटेच्या नव्या खांबाचं. दोन उन्हाळे वाळवलेलं. आल्याआल्या सांगितलं ना, याला हात लावू नको. कुठे लपवलंस?"

"कुठे नाही. हेच होतं."

"थट्टा पुरे."

"थट्टा नाही रे!"

कोणाचा विश्वास बसेना. रेनो चर्चच्या मागे बघून आला, शेडमध्ये बघून आला. दोघं माझ्या पिकअपखाली वाकले. पास्टरबाई गोड आवाजात म्हणाल्या, "ओन्नी, यंदाची थट्टा फारच छान. आता काढा ते खोड." आयुष्यभर मी खोटं बोललो ते लोकांना खरं वाटलं, आणि आता खरं बोलत होतो तर सगळे हसायला तयार होऊन उभे होते. मी लेंपीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग कुठे त्यांचे चेहरे उतरले.

"आम्ही एवढे ओरडतोय," रेनो म्हणाला. "बंद का नाही केलीत, दाजी?"

मी भुश्शाकडे बघितलं. "परत सुरू झाली नसती."

"का? बिघडलीय?"

"बिघडली नाही. मला ओढवत नाही."

"मग आज कोणी ओढली?"

"मी," लेंपी म्हणाली. तिने कॉफीचा पेला खाली ठेवला, पेट्रोल भरलं आणि एकदाच ओढली. गर्जना झाली. तिने एका हाताने बंद केली, पुन्हा ओढली, पुन्हा गर्जना. मग पेला उचलून उरलेली कॉफी प्यायली.

टाउनोने एकदा लेंपीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, "लेंपी करवतीवर. ओन्नी कॉफीवर." त्याच्या मानाने हे फारच सविस्तर झालं.

घंटेसाठी नवं खोड माझ्याच रानातलं गेलं. लेंपीने पाडलं. मी बाजूला उभा राहून 'जरा डावीकडे' म्हणत होतो, तिने ऐकलं नाही, आणि ते बरोबर पडलं.

आता मी कॉफी करतो. काम वाईट नाही. टाकीत पाणी भरायचं, कॉफी टाकायची, वायर लावायची, आपली आपण उकळते. दोरी बिरी काही नाही. फक्त झाकण भलतंच घट्ट बसतं. म्हणून टाकी मी घासायच्या निमित्ताने आदल्या दिवशी घरी आणतो, आणि झाकण लेंपी घरीच सैल करून देते.